पिवळ्या गुलाबाचे रविवार

रविवारी सकाळी आठला माझ्या दारात स्कूटरचा हॉर्न वाजायचा. एकदाच, पण लांब. त्या रविवारी साडेआठ झाले, पावणेनऊ झाले, तरी हॉर्न नाही. मी इस्त्रीचा शर्ट घालून, चपला चढवून ओट्यावर बसलो होतो आणि मनातल्या मनात रघूला झापत होतो... सगळी हयात रेल्वेत काढलेला माणूस, आणि याला वेळेचं भान नाही! येऊ दे, आज चांगलाच फैलावर घेतो. नऊच्या सुमाराला त्याचा पुतण्या आला. "सर, आबा गेले," तो म्हणाला. "पहाटं उठून पानी पिले, परत पडले, ते उठलेच न्हाईत." सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की मग आज भांडगावला जायचं नाही का?

रघुनाथ आमच्या न्हावऱ्याचाच, शाळेत माझ्या बाकावरचा. मी पुढे चित्रकलेचा शिक्षक झालो, म्हणून तो मला मास्तर म्हणायचा. तो दौंडला रेल्वेत पॉइंट्समन म्हणून, गाड्यांचे रूळ बदलायच्या कामावर लागला आणि निवृत्त होईपर्यंत क्वार्टरमध्ये राहिला. तिथे त्याने तुळशीच्या कुंडीपलीकडे काही लावलं नाही. म्हणायचा, "सोडून जायाच्या जागंत झाड कशाला लावायचं?" त्याची बायको तिथेच, ऐन पन्नाशीत गेली. मूलबाळ नव्हतं. मी दहाव्याला गेलो होतो. चहा घेतला, खांद्यावर हात ठेवला आणि संध्याकाळच्या एसटीने परत आलो. त्यानंतर कित्येक वर्षं तो रविवारची ड्यूटी मागून घ्यायचा, हे मला कुणाकडून तरी कळलं होतं. कामाचा सोस आहे, असं मी समजलो. दौंड इथून असं कितीसं लांब? पण मी पुन्हा गेलो नाही.

निवृत्तीनंतर तो गावी आला, आमच्या मागच्या आळीला दोन खोल्या बांधल्या आणि दारापुढे लोखंडी पाइपची एक कमान जोडून घेतली. तिच्यावर पिवळ्या फुलांचा वेली गुलाब चढवायचा म्हणे. रोपाचा पत्ता नाही आणि कमान तयार! "बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी," मी त्याला चिडवलं. तो हसला. तेव्हा माझी बायको शालन होती. तिनेही त्या कमानीची खूप थट्टा केली होती.

शालन गेली आणि मी दार लावून घेतलं. मुलगी पुण्याहून रोज फोन करायची. "जेवलो," असं मी सांगायचो, कधी खरं, कधी खोटं. इतर वार कसेतरी जायचे, पण रविवार संपता संपत नसे. शालनला घेऊन बाजारहाट, पाहुणेरावळे, सगळं आम्ही रविवारी करत आलो होतो. अशाच एका रविवारी रघूने येऊन कडी वाजवली. "मास्तर, चल. भांडगावला हायवेलगत एक नर्सरी हाय. गुलाब निवडायचाय."

"तूच आण जा."

"मला रंगातलं काय कळतंय? लाल, हिरवा आन् पिवळा, तीन रंगांवर जल्म काढला म्या. तिथं तर पिवळ्यातच धा पिवळे हायत. तू ड्रॉइंग मास्तर. चल मुकाट्यानं."

पीडा टळावी म्हणून मी गेलो.

मग तो पायंडाच पडला. पाऊस म्हणायचा नाही, लगीनसराई म्हणायची नाही, प्रत्येक रविवार. पारगावच्या पुलावरून भीमा ओलांडायची, चौफुल्याला हायवे धरायचा. वाटेत रघू पुढून काहीतरी ओरडून सांगायचा, त्यातलं निम्मं वाऱ्यात जायचं आणि मी नुसतं हं हं करायचो. नर्सरी मंगलताई म्हणून एक चाळिशीच्या बाई चालवतात. हिरव्या जाळीखाली त्यांच्या रोपांच्या पिशव्या ओळीने मांडलेल्या असायच्या. रघू एकेका फुलापुढे उकिडवा बसायचा आणि मला रंग विचारायचा. मी सांगायचो, हा लिंबाचा पिवळा, हा हळदीचा, याच्यात थोडा केशरी आहे. तो गंभीरपणे मान हलवायचा. एकाला काटे फार, एक नुसताच उंच वाढणारा, एकाचं फूल खाली मान घालणारं. शेवटी चहा प्यायचा आणि उठताना म्हणायचं, "पुढच्या रविवारी बघू."

अशी तीन वर्षं! लोक मुलीला स्थळं बघताना एवढे आढेवेढे घेत नाहीत. आम्ही चहाला बसायचो तिथे नळाजवळ एका निळ्या, अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये एक वेल होता. शेडच्या खांबावरून वर चढलेला, थंडीत पानं दिसू नयेत इतका फुललेला. फुलं ताज्या लोण्यासारखी पिवळी, कडेला किंचित गडद. त्याच्या पाकळ्या आमच्या बशीत पडायच्या. एकदा मी भडकलोच. "अरे आंधळ्या, हा घे ना! काखेत कळसा आणि गावाला वळसा!" रघूने मान वर करून बराच वेळ पाहिलं. मंगलताईंनी लगबगीने कपबशा उचलल्या. "जरा फिकट वाटतोय," तो म्हणाला. परतीच्या वाटेवर मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. तो मात्र गुणगुणत होता.

तो गेल्यावर मधले दोन रविवार मी घरातच होतो. आठ वाजले की कान दाराकडे लागायचे. हॉर्न वाजणार नाही, हे मला कळत होतं, पण कानांना ते कोण सांगणार? मुलगी म्हणाली, "बाबा, इकडे या राहायला." मी बघू म्हणालो. खरं म्हणजे एवढं एकटं मला शालन गेल्यावरही वाटलं नव्हतं, कारण तेव्हा कडी वाजवायला रघू होता. तिसऱ्या रविवारी एकाएकी आठवलं की मंगलताईंना कुणी कळवलंच नसणार. एसटीने चौफुल्यापर्यंत गेलो, तिथून सहा आसनी रिक्षाने भांडगाव. मला एकट्याला बघून त्या हातातली झारी खाली ठेवून उभ्याच राहिल्या. मी सांगितलं. त्या पदराने डोळे पुसत नळाजवळ गेल्या, स्टूल आणून ठेवलं आणि म्हणाल्या, "सर, आता सांगते. आबांनी म्हनलं व्हतं, मी हाय तवर सांगू नका. हा ड्रममधला त्यांचाच हाय."

"कुणाचा?"

"आबांचा. पयल्याच रविवारी तुम्ही तिकडं हात धुवायला गेला, तवा त्यांनी निवडला. एवढासा व्हता, पिशवीत. मला म्हनले, ताई, हा माझा, पन हितंच राहू द्या. मास्तरची बायकू गेलीय, दार लावून बसलाय. निवडायचं काम सपलं तर तो परत दार लावून घेईल. पिशवीतून कुंडीत घातला, कुंडीतनं ड्रममध्ये. मागाया लई आले, म्या न्हाई दिला."

मी स्टुलावर बसलो. रंग मला कळतात म्हणून त्याने मला नेलं, असं मी तीन वर्षं ऐटीत समजत होतो. रविवार किती लांब असतो, हे त्याला दौंडला एकट्याने कळलं होतं. तेव्हा त्याच्या दाराची कडी वाजवायला मी गेलो नव्हतो. त्याने त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही, हिशेब चुकता केल्यासारखंही वागला नाही. नुसता हॉर्न वाजवत राहिला... मी तिथे बसून रडलो, ते मंगलताईंनी बघितलं आणि बघितलं नाही असं दाखवलं.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "सर, ह्यो आता तुम्ही न्या. आमचा टेम्पो न्हावऱ्याकडं जानार हाय. आबांच्या कमानीला लावा."

मी उठलो. खांबाजवळ गेलो, एक फूल हातात धरून उजेडाकडे फिरवलं. आयुष्यभर मुलांना रंग शिकवले मी, पण इतका नितळ, भरलेला पिवळा मी कधी पाहिला नव्हता.

"जरा फिकट वाटतोय," मी म्हणालो. "पुढच्या रविवारी बघू."