जाऊबाईंच्या नावाची बोट

आमच्या घरच्या बोटीला माझ्या जावेचं नाव होतं. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, पिवळ्या रंगात ठसठशीत अक्षरं काढलेली. मोठी सून घरात आली त्याच वर्षी सासऱ्यांनी ती बोट बांधून घेतली, आणि पहिल्याच हंगामात जाळी भरून आली म्हणून सुनेचं नाव तिला देऊन टाकलं. धाकटी सून म्हणून मी आले ती बऱ्याच वर्षांनी. तेव्हा कुठली बोट बांधली गेली नाही आणि असलेल्या बोटीवर आणखी एका नावाला जागा नव्हती.

मी कराडकडची. नवरा अर्नाळ्याचा, मच्छीमारांच्या घरातला. मुंबईत एकाच ऑफिसात होतो, तिथे आमचं जमलं. लग्नानंतर विरारजवळ बोळिंजला नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं, त्याच्या गावापासून जवळ म्हणून. सासऱ्यांनी मला कधी परकं मानलं नाही. मी गेले की जावेला सांगायचे, "तिला काटं काढून वाढ गो, घशात अडकंल." पण काटे काढून वाढणं वेगळं आणि बोटीला नाव देणं वेगळं. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी सासरे गेले. त्याआधीच ते समुद्रावर जायचे थांबले होते आणि बोट किनाऱ्यावर ओढून ठेवली होती. मोठे दीर दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून जायला लागले. दोन पावसाळे बोटीने झावळ्यांखाली काढले. मग एका रविवारी सकाळी नवरा चहा पिता पिता म्हणाला, "बोट दुरुस्त होईल का, ते बघून येतो."

"आज टँकर आहे," मी म्हटलं.

"तू घे ना भरून. मी दुपारपर्यंत येतोच."

त्या काळात आमच्या सोसायटीत नळाला पाणी नव्हतं. टँकर आला की सगळ्या मजल्यांवरच्या बायका कळशा, बादल्या, डबे घेऊन खाली पळायच्या. मी एकटीने तीन मजले पाणी चढवलं. तो दुपारी आला नाही. संध्याकाळी आला, तेव्हा त्याच्या शर्टाला माशाच्या तेलाचा उग्र वास येत होता. लाकूड सुकू नये म्हणून बोटीला ते तेल चोळतात. चेहऱ्यावर असा काही आनंद होता, की मला तो शर्ट हातात धरवेना.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. ऑफिसातून येताना तो लोखंडी खरवडणी घेऊन आला, मग जाड दोरी, मग फळ्यांच्या फटींत ठोकायला कापसाचे पेळू. जेवताना बोटीबद्दल बोलायचा. वरच्या फळ्या अजून कशा टणक आहेत, खालच्या बाजूला थोडं मऊ लागतंय पण बदलता येईल, इंजिन उघडून बघायला हवं. बोलता बोलता म्हणायचा, "वैनी म्हणाली," "वैनीनं दाखवलं," "वैनीला विचारलं." जाऊबाईंचे वडील बोटी बांधणारे. फळ्यांच्या भुशात वाढलेली ती बाई. ती काय काय दाखवत असणार ते मी भांडी घासताना मनातल्या मनात बघायचे.

शेवटी एका रविवारी त्याला न सांगता मी विरारहून एस.टी. पकडली आणि आगाशीमार्गे अर्नाळ्याला गेले.

बोट टेकूंवर उभी होती. नवरा तिच्या पोटाखाली उताणा पडून शेवाळ आणि शिंपले खरवडत होता. जाऊबाई साडी खोचून शेजारी उकिडव्या बसल्या होत्या, हातात भाकरीचा डबा. त्या वाकून काहीतरी म्हणाल्या आणि तो खालून हसला. असा हसला, की मी वाळूतच उभी राहिले. त्या दोघांचं बोलणं त्यांच्या गावच्या बोलीत चाललं होतं. मला त्यातलं निम्मं कळत नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं होऊन नवऱ्याच्या तोंडून मी ती बोली पुरती ऐकली नव्हती. घरी आला की तो माझ्यासारखं बोलायचा. मला वाटायचं, हे तो माझ्या प्रेमापोटी करतो. त्या दिवशी वाटलं, आपल्याला उरलेलंच काहीतरी मिळतंय.

तो बाहेर आला, उठला, आणि मला बघायच्या आधी त्याने नाळेवरच्या नावावरची धूळ पंज्याने पुसली. सवयीने पुसली असेल. मला ते सहन झालं नाही.

"ये गो, ये," जाऊबाईंनी मला पाहिलं. "एकटीच आलीस? बस. भाकरी खा."

"भूक नाही मला."

"मंग पानी तरी घे."

मोठे दीरही तेवढ्यात आले. ते त्या दिवशी ट्रॉलरवर गेले नव्हते. हातात चाकू होता. बोटीभोवती फिरत ते ठिकठिकाणी चाकूची मूठ आपटून ऐकत होते आणि मध्येच टोक खुपसून बघत होते. वरच्या फळ्यांवर खणखणीत आवाज यायचा. खाली, जिथे बोटीचा कणा असतो, ते लांब सबंध लाकूड, तिथे आवाज बसका झाला. दिरांनी चाकू दाबला, तर तो पावात शिरावा तसा आत गेला.

"एवढाच भाग असेल," नवरा घाईने म्हणाला. "तेवढा कापून नवीन जोडू."

दीर चाकूचं पातं बोटांनी पुसत राहिले. त्यांना बोट हवी होती हे मला त्यांच्या चेहऱ्यावरूनच दिसत होतं. दुसऱ्याच्या ट्रॉलरवर तांडेलाची, म्हणजे तिथल्या म्होरक्याची, बोलणी खाण्यापेक्षा स्वतःची जुनी बोट बरी, असं कुणाला वाटणार नाही?

"तोडा तिला," जाऊबाई म्हणाल्या.

आम्ही तिघांनीही त्यांच्याकडे बघितलं.

"वैनी, तुझं नाव आहे तिच्यावर!" नवरा म्हणाला.

"म्हनून तर सांगतंय. लाकूड चांगलं हाय तवर इकून टाका. मागनं सरपनाला पन कोन घ्यायचा नाय."

मला त्यांचा रागच आला. एखाद्या बाईने सोन्याची पाटली सहज काढून बाजूला ठेवावी आणि दुसरीने नुसतं बघत राहावं, तसं झालं. माझं नाव असतं त्या बोटीवर, तर मी ती तोडायला सांगितली असती का?

दोघं भाऊ इंजिन बघायला लागले आणि जाऊबाई मला घेऊन वाळवणाकडे गेल्या. बांबूच्या वलांड्यांवर बोंबील लटकवलेले होते. त्या ते उलटे करत होत्या, मी नुसतीच मागे मागे.

"तुला वाटतं मना लय कौतुक हाय," त्या अचानक म्हणाल्या.

"कशाचं?"

"त्या नावाचं. अगो, मामंजींनी नाव माजं दिलं आणि हौस सगली तिची केली. मी बालंत झाले ना, तवा तुजा दीर तिला तेल लावत व्हता. मना ताप आला तरी पैला इचार तिचा. वादल आलं की अंगनात उभा राहून बोलायचा, 'ती कशी हाय बघून येतो.' कोन ती? मी तर घरात व्हते." त्या हसल्या, पण बोंबील जरा जोरात ओढला त्यांनी. "लोक हाका मारायचे ना किनाऱ्यावरनं, माज्या नावानं, तर मी दारात यायची. हाक बोटीला असायची."

मला इतकी वर्षं हेवा वाटत होता तो ह्या बाईचा, आणि ही त्याच लाकडावर जळत होती.

"तुजं बरं हाय बाय," त्या पुढे म्हणाल्या. "तुला त्यानं सोता बघितलं, सोता निवडलं. मना बापानं दिली, आणि मागनं बोट आली."

हे ऐकून मला आनंद झाला. अगदी खराखुरा आनंद. पण बसमध्ये नवऱ्याच्या शेजारी बसल्यावर तो टिकला नाही. तो खिडकीबाहेर बघत फळ्या मोजत असावा तसा ओठ हलवत होता. निवडून झालं ते झालं, असं मला वाटलं. आता त्याचं लक्ष कुठे आहे?

त्या आठवड्यात त्याने मला विचारलं. त्याच्या घरच्या गोष्टीत मला कुणी मत विचारलं अशी ती पहिलीच वेळ. "दादा गप्प आहे. वैनी नाही म्हणते. तुला काय वाटतं?"

"एकदा पाण्यात घाल," मी म्हटलं. "तरली तर ठेवा."

त्याला ते फार पटलं. माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याच्या बाजूची झाले. मला मात्र ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बुडायला हवी होती. तोडली असती तर जन्मभर तिची आठवण काढत बसला असता. बुडालेल्या बोटीचं कुणी कौतुक करत नाही, असा माझा हिशेब.

पुढच्या उधाणाच्या भरतीला बोट उतरवायची ठरली. भावांनी फटींमध्ये कापूस ठोकला, वरून राळ आणि डांबर लावलं, कुजलेल्या जागी पत्रा ठोकून बसवला. मी ऑफिसात रजा टाकली. किनाऱ्यावर गेले तर गावातली माणसं आधीच जमलेली. ओंडक्यांवरून बोट ढकलायला कितीतरी हात लागले होते. कुणीतरी नारळ फोडला. पाणी तिच्या पोटाला लागलं, ती एकदा डुलली, आणि सरळ झाली.

ती तरंगली.

लोक ओरडले. दोघं भाऊ आत होते. इंजिन त्यांनी बसवलंच नव्हतं, वल्ही मारत ते समोरच्या बेटावरच्या किल्ल्याच्या दिशेने निघाले. ऊन पाण्यावर पडलं होतं आणि ताज्या तेलाने बोटीचं लाकूड चमकत होतं. खरं सांगायचं तर ती सुंदर दिसत होती. जाऊबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझं मनगट धरलं आणि घट्ट आवळलं. त्यांच्या मनात काय होतं ते मी विचारलं नाही. आम्ही दोघी त्या बोटीकडे बघत होतो, सवतीकडे बघावं तशा.

मग वल्ही थांबली. नवरा खाली वाकला आणि डब्याने पाणी बाहेर टाकू लागला. दिरांनी बोट वळवली. परत येताना ती जड झालेली लांबूनही कळत होती, प्रत्येक लाटेला थोडी आणखी खाली. गुडघाभर पाण्यात ती रेतीला टेकली. लोक धावले, पण दीर आत बसूनच राहिले. पोटऱ्यांपर्यंत पाणी, हातात वल्हं, आणि नजर खाली.

"नाय," ते म्हणाले. "कना गेला तिचा."

जाऊबाई पाण्यात शिरल्या. साडी वर घेतली नाही, काही नाही. तशाच बोटीजवळ गेल्या, कडेवरून हात घालून त्यांनी दिरांचा हात धरला. मग आपलं कपाळ दिरांच्या खांद्याला टेकवलं, इतक्या लोकांसमोर.

त्या गेल्या म्हणून मीही गेले. मला समुद्राची भीती वाटते, आजही वाटते. पायाखालची वाळू सरकत होती, साडी पायांत गुंतत होती, पण किनाऱ्यावर एकटीने उभं राहायची माझी तयारी नव्हती. नवरा बोटीच्या दुसऱ्या बाजूला उभा होता. मी अडखळले तसं त्याने माझं कोपर पकडलं.

"तू कशाला आलीस? पडशील."

"वैनी आल्या की."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. बऱ्याच दिवसांनी असं बघितलं असेल.

"तुला बरं वाटलं ना?" तो हळूच म्हणाला. "बुडाली ते?"

"हो," मी म्हटलं.

मला वाटलं तो चिडेल. त्याने नुसती मान हलवली आणि कोपर सोडलं नाही. बाहेर येईपर्यंत धरून ठेवलं.

बोट दिरांनी स्वतः तोडली. भावालाही हात लावू दिला नाही. चांगल्या फळ्या जवळच्या नंदाखाल गावातल्या एका वाडीवाल्याने केळीच्या बागेतल्या पंपाच्या खोपटासाठी नेल्या. नवरा काही रविवार घरीच राहिला. गॅलरीत उभा राहून पश्चिमेकडे बघायचा. आमच्या गॅलरीतून समुद्र दिसत नाही, नारळाचे शेंडे तेवढे दिसतात. त्या रविवारांनी मला जास्त छळलं. बोट होती तोवर तिच्याशी मनात भांडता तरी येत होतं. आता तो मनाने कुठे गेलाय तेच कळायचं नाही. शेवटी मीच एकदा म्हटलं, "चल, अर्नाळ्याला जाऊ."

आम्ही पोचलो तर दीर ओट्यावर पालथे पडले होते आणि जाऊबाई त्यांच्या पाठीला तेल रगडत होत्या. दीर कण्हत होते, त्या त्यांना शिव्या घालत होत्या. "हलू नको ना रं! लाकूड झाली पाट." आम्हाला बघूनही त्यांचे हात थांबले नाहीत. चहा नवऱ्याने आत जाऊन केला. चौघं बसून प्यायलो, ट्रॉलरच्या आणि बर्फाच्या महागाईच्या गप्पा झाल्या. मी अधूनमधून त्या दोघांकडे बघत होते.

"काय बघतेस?" नवऱ्याने निघताना विचारलं.

"काही नाही."

एस.टी.च्या थांब्याकडे तो नेहमीसारखा माझ्यापुढे भराभर चालायला लागला. मी मागून हाक मारली. तो वळला, आणि मी येईपर्यंत थांबला.