जीपच्या तळाची बुजवलेली भोकं

आई गेल्यानंतर बाबा माझ्याकडे पुण्याला यायला तयार झाले ते एकाच अटीवर: जीपही बरोबर येईल. ती चालत येण्याच्या अवस्थेत नव्हती, म्हणून वाशीमकडून पुण्याबाहेर मांजरीला, माझ्या घरापर्यंत, ट्रकवर चढवून आणली. उतरवताना मागचा बंपर एका बाजूने सुटला. बाबांनी तो सुतळीने बांधला आणि हात झटकत म्हणाले, "पत्र्याचं काम झालं, आरटीओचं पासिंग झालं, की मी चाललो वापस."

मी त्यांच्यासाठी खोली तयार ठेवली होती. नवी गादी, खिडकीला पडदे. माझं लग्न झालेलं नव्हतं, घरात दोघंच राहणार होतो. बाबा मात्र राहायला नव्हे, गाडी नीट करून न्यायला आले होते.

जीप लष्कराच्या लिलावातली. कुणा व्यापाऱ्याकडून बाबांनी ती घेतली आणि आमचं गाव ते तालुका अशी प्रवासी वाहतूक सुरू केली. आमच्याकडची काळी माती पावसात चाकांना धरून ठेवते. एसटी फाट्यावरच थांबायची. बाबा गिअरशेजारचा छोटा दांडा ओढायचे, चारही चाकं जोर लावायची आणि गाडी गुरगुरत निघायची. बाळंतपणाला निघालेल्या बायका, परीक्षेला निघालेली पोरं, लग्नाची वऱ्हाडं तिनं नेली. माझं इंजिनिअरिंगही तिनंच केलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. पुढे मी कॉम्प्युटरच्या कंपनीत लागलो, फ्लॅट घेतला, तेव्हा उसाच्या शेतांच्या मधोमध आमची एकटी इमारत उभी होती.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी सदाशिव पेठेतून इकडे राहायला आलेले. पहिल्याच शनिवारी ते जीपभोवती एक फेरी मारून म्हणाले, "अहो इंजिनिअर, हे वाहन आहे की उत्खनन?"

मी काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "साहेब, पावसाळ्यात तुमची गाडी फसली तं मले आवाज द्या."

"देऊ की. तोवर ही उभी राहिली तर."

बाबा मोठ्यानं हसले. पुण्यात आल्यापासून ते पहिल्यांदा हसत होते. त्यामुळे मला वाटलं, जमेल हे काम.

बोहरी आळीतून ग्राइंडर आणला, भवानी पेठेतून पत्रा आणला. शनिवार-रविवार सुट्टी असायची, पण आमच्या भागात वीज केव्हा जाईल याचा नेम नसे. ग्राइंडर मध्येच घरघरून थांबला की बाबा पॉलिश पेपर घेऊन हातानं घासायला बसत. बाहेरून गाडी तशी बरी दिसत होती. रंग मात्र फार जाड होता. बाबा दर दसऱ्याआधी ब्रश घेऊन पूर्ण गाडी ऑइल पेंटनं रंगवायचे. पूजेला गाडी नवी दिसली पाहिजे, हा त्यांचा नेम. रंगवण्याआधी खालचा गंज कधी काढलेला नव्हता, फक्त फडक्यानं पुसलेला. आता ग्राइंडर लावला की निळा, त्याखाली हिरवा, त्याखाली परत निळा असे पापुद्रे उडायचे आणि सगळ्यात खाली पत्र्याऐवजी तपकिरी भुगा लागायचा. मडगार्डच्या कडेला बोट दाबलं तर आत जायचं.

"थांबला काऊन?" बाबा विचारायचे.

"बाबा, इथं पत्रा उरलाच नाही."

"मंग नवा लाव. आणला हाय नं?"

नवा पत्रा लावायला कडेचा जुना पत्रा घट्ट हवा. भाड्यानं वेल्डिंगचं मशीन आणलं. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये मी वेल्डिंग शिकलो होतो, पण तिथले तुकडे जाडजूड आणि कोरे असायचे. इथे ठिणगी पडली की कडच जळून जाई. एक भोक बुजवायला जावं तर शेजारी दुसरं पडायचं. बाबा पक्कडीत पत्रा धरून बसलेले, डोळ्यांवर माझा जुना गॉगल. "मार अजून एक टाका," म्हणत राहायचे. मी मारत राहायचो. कंपनीत सोमवारी माझे डोळे लाल बघून लोक विचारायचे, पार्टी जोरात झाली वाटतं.

मग एका रविवारी आम्ही सीट काढल्या, खालचं रबरी मॅटिंग उचललं. मॅटिंगखाली गोणपाट, गोणपाटाखाली काळपट लगदा. तो खरवडला तर तळाला ओळीनं गोल गोल काळे ठिपके दिसले. स्क्रू ड्रायव्हरनं एक उचकटला तेव्हा कळलं, ते डांबर होतं. लष्करी गाडीच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी भोकं ठेवलेली असतात. ती सगळी डांबर ओतून बुजवली होती.

"ही कुणी बुजवली?" मी विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं.

"म्याच," बाबा म्हणाले. "उन्हाळ्यात खालून फुफाटा येई. लग्नाले निघालेल्या बाया. नव्या नवरीचा शालू मातीनं भरून जाये. एकदा एक पोरगी रडलीच बिचारी. तं बुजवून टाकली. मंग माझ्या गाडीत बसाले लोक थांबून राहत."

सांगताना त्यांच्या आवाजात अभिमान होता. ते त्या उचकटलेल्या भोकाकडे बघत राहिले. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "मंग पावसाचं पाणी कुठून जाईन?"

मी जॅक लावून गाडीखाली गेलो. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांजवळ चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, पेटीसारखी बंद आहे. तिथे हातोडीनं ठोकलं. खणखणीत आवाज यायला हवा होता, तो भद्द आला. दुसऱ्यांदा ठोकलं तर लोखंडाचा तुकडा निघाला आणि माझ्या छातीवर माती सांडली. काळी, अजून ओलसर. आमच्याकडची. पत्रा बदलता येतो, मडगार्ड बदलता येतं, पण ज्या सांगाड्यावर सगळं बसतं तोच आतून गेला होता. या सांगाड्यावर कुणी पासिंग देणार नव्हतं, आणि द्यायलाही नको होतं.

बाहेर येऊन मी म्हटलं, "नाना पेठेत दुसरी चासी मिळते का बघतो."

बाबा वाकून खाली बघत होते. हात आत घालून त्यांनी ती माती चिमटीत घेतली, चोळली. "नको पाहू," ते म्हणाले. "सांगाडा दुसरा, पत्रा दुसरा. मंग ही कोणती जीप?"

"बाबा, मी तुम्हाला दुसरी गाडी घेऊन देतो. जाऊ आपण गावाला."

"कोणाले नेऊ तिच्यात? तिकडं आता घरोघरी मोटारसायकली झाल्या." हे त्यांनी मला आधी कधीच सांगितलं नव्हतं. पक्कड उचलून त्यांनी डब्यात ठेवली, मशीनची वायर गुंडाळली आणि वर गेले.

पुढच्या रविवारी मी उठलो तेव्हा ते अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते.

"हडपसरले जाणारी बस कुठं थांबते?"

"काय आणायचंय? मी आणतो."

"काही नाही. पाहून येतो. राह्यचंच हाय तं रस्ते माहीत पाह्यजेत."

बरोबर येतो म्हटलं तर नको म्हणाले. आमच्या गॅलरीतून थांबा दिसतो. बऱ्याच वेळानं बस आली. बाबा सवयीनं ड्रायव्हरजवळच्या पुढच्या दाराशी गेले. तिथून लोक उतरत होते. कंडक्टरनं मागे हात केला, काहीतरी ओरडला. बाबांनी मान हलवली आणि बसच्या कडेनं, घाई न करता, मागच्या दाराकडे चालत गेले.