मामाचा वरचा ओठ

माझा मामा एकोणीस वर्षं एका नाटकगृहाच्या वाद्यवृंदात ट्रम्पेट वाजवत होता. स्वभावाने भित्रा, झुरळ दिसलं की मामीला हाक मारणारा. पण ट्रम्पेट तोंडाला लावला की वाघ.

एका सकाळी तालमीला जाताना तो जिन्यावरून पडला. लोखंडी कठड्यावर तोंड आपटलं, दोन दात गेले. दात नवे बसले, पण वरच्या ओठाची जाणीव परत आली नाही. चहाचा ओघळ हनुवटीवर आला तरी त्याला पत्ता नसायचा. आणि ट्रम्पेटचा सूर तर ओठांच्या थरथरीतूनच निघतो.

"डॉक्टर काय म्हणाले?" मामीने विचारलं.

"होईल म्हणाले हळूहळू."

डॉक्टर असं काहीच म्हणाले नव्हते.

नोकरी जाईल या धास्तीने त्याने कुणालाही सांगितलं नाही. ट्रम्पेट ओठाला टेकवायचा, गाल फुगवायचा आणि फुंकायचा मात्र नाही. शेजारी बसणारी ट्रम्पेटवाली, जिला सगळे ताई म्हणत, दोघांचंही वाजवून न्यायची. पहिल्याच दिवशी हे तिच्या लक्षात आलं होतं. सव्वा महिना असा गेला. वाद्यवृंदाच्या संचालकांनी नुसता चष्मा पुसला तरी मामा गाल आणखी फुगवायचा. घरी तो जेवणावरून अर्धवट उठायचा.

मग एका प्रयोगाला ताई तापाने आलीच नाही. मामा संचालकांना सांगायला उठला, दारापर्यंत गेला आणि परत येऊन बसला. तिसऱ्या अंकात एकट्या ट्रम्पेटचा तुकडा होता. तो जवळ यायला लागला तसा मामा ट्रम्पेट पुन्हा पुन्हा पुसायला लागला. संचालकांचा हात त्याच्याकडे वळला. मामाने जीव एकवटून फुंकलं. पंक्चर झालेल्या ट्यूबसारखी नुसती हवा निघाली. प्रेक्षकांत कुणीतरी फिसकन हसलं.

पडदा पडल्यावर संचालक त्याच्यापाशी आले.

"किती दिवस चाललंय हे?"

"सव्वा महिना."

"अहो, बोलायचं नाही का?"

"भीती वाटली," मामा म्हणाला आणि लहान मुलासारखा रडला.

नोकरी गेलीच. वर्षभर तो खिडकीपाशी बसून होता. शेवटी ताईनेच त्याला ओढत नेऊन मोठ्या झांजा शिकायला बसवलं. आता तो दुसऱ्या एका वाद्यवृंदात झांजा वाजवतो. प्रयोगात जेमतेम अकरा वेळा.

"आता तरी भीती गेली का?" मी विचारलं.

"छे गं! झांज चुकली तर बहिऱ्यालाही कळतं."

प्रयोगाआधीच तो घामाने चिंब होतो. म्हणून मामी त्याच्या पिशवीत दुसरा शर्ट घडी करून ठेवते.