दात नसलेलं कुत्रं

सगळ्यात आधी घरातले जुने टूथब्रश कमी व्हायला लागले. सिंकचे कोपरे घासायला मी ते किचनमध्ये एका मगात ठेवते. त्यातले मऊ ब्रिसल्सचे नेमके नाहीसे होत. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "मी कशाला घेऊ जुने ब्रश?" आणि हे म्हणताना तो फ्रिजकडे बघत होता.

मी इंग्लंडमध्ये ब्रॅकनेलला एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. दुसऱ्याने "चालतंय" म्हटलेलं खरंच चालतंय का, हे बघायचा मला पगार मिळतो. ही सवय संध्याकाळी लॅपटॉप बंद केला म्हणून बंद होत नाही.

नवरा दर शनिवारी सकाळी जिमला जायला लागला होता. वजन तसंच. बॅगेतला टीशर्ट कधी घामट नाही, पण बाह्या मात्र ओल्या. आणि नखांत माती. जिममध्ये माती कुठून येते? शिवाय गाडी दारात ठेवून हा चालत कोपऱ्यापर्यंत जायचा. म्हणे वॉर्मअप होतो. एका शनिवारी मी वरच्या खिडकीतून बघितलं. कोपऱ्यावर एक छोटी लाल गाडी थांबली. चालवणारी बाई होती, एवढंच दिसलं. हा पुढच्या सीटवर बसला आणि दोघं कशावर तरी हसली. माझ्या हातातली चादर तशीच राहिली.

तेव्हा नागपूरहून सासूबाई आल्या होत्या, त्यामुळे घरात मोठ्याने काही बोलायची सोय नव्हती. त्यांच्याही नजरेतून ते सुटलं नव्हतं.

"हल्ली शनिवारी कुठं जातो गं हा?"

"जिमला, आई."

"हं," त्या म्हणाल्या. त्या 'हं'चा अर्थ लावण्यात माझा अख्खा आठवडा गेला.

पुढच्या शनिवारी मी त्यांना म्हटलं, "भाजी घेऊन येते," आणि आमची गाडी काढून त्या लाल गाडीच्या मागे निघाले. आयुष्यात कधी कुणाचा पाठलाग केला नव्हता. अंतर किती ठेवायचं तेही कळत नव्हतं. गाव मागे पडलं, दोन्ही बाजूंना उंच कुंपणं असलेला अरुंद रस्ता लागला. मनात वाक्यं जुळवत होते, मोडत होते. शेवटी लाल गाडी एका खेड्यातल्या चर्च हॉलसमोर थांबली आणि दोघं आत गेली. मी थोडा वेळ स्टिअरिंग धरून बसून राहिले. मग उतरले आणि दार ढकललं.

आत ओल्या मातीचा वास होता. लांब टेबलं, त्यावर भांडी घासायचे प्लास्टिकचे टब, आणि स्वेटर घातलेली निवृत्त मंडळी खाली माना घालून काहीतरी घासत बसलेली. त्यांच्यामध्ये माझा नवरा, गळ्यात ॲप्रन, हातात माझा निळा टूथब्रश. तो एक छोटंसं हाड घासत होता. शेजारी लाल गाडीवाल्या बाई. सत्तरी ओलांडलेल्या, कानाला मशीन, पूर्वी शाळेत भूगोल शिकवायच्या असं नंतर कळलं.

"तू इथे?" नवरा म्हणाला.

"हे मी विचारायचं," मी म्हटलं.

मग सगळं बाहेर आलं. जवळच्या शेतात रोमन काळातल्या वस्तीचं खोदकाम झालं होतं. निघालेल्या वस्तू धुवायला स्वयंसेवक हवे होते. लायब्ररीतलं पोस्टर बघून हा आला आणि रमला.

"मग लपवायचं कशाला?"

"आईला हाडं चालतील का? घरात पाऊल ठेवू दिलं नसतं. आणि तुला..." तो थांबला. "कुत्र्याची हाडं आहेत. तुला वाटलं असतं, मी परत तो विषय काढतोय."

घरात कुत्रं आणायला आदल्या वर्षी मीच साफ नाही म्हटलं होतं. केस कोण काढणार, इंडियाला जाताना कुणाकडे ठेवणार. त्यामुळे मला तसं वाटलंच असतं. खरं तर त्या क्षणीही वाटत होतं.

बाईंनी खुर्ची पुढे केली. ट्रेमध्ये मांजराएवढ्या कुत्र्याचा सांगाडा मांडला होता. "कुणाचं तरी लाडकं होतं," त्या म्हणाल्या.

"कशावरून?" मी लगेच विचारलं. "मेलं, खड्ड्यात टाकून दिलं, एवढंच असेल."

त्यांना राग आला नाही. त्यांनी खालचा जबडा माझ्या तळहातावर ठेवला. फार हलका होता. दात जवळजवळ नव्हतेच, आणि दातांच्या जागी खड्डेही नव्हते. हाड भरून आलं होतं. दात पडल्यावर जनावर बरेच दिवस जगलं तरच असं भरून येतं, त्या म्हणाल्या. मग पुढचा पाय दाखवला. कधीतरी मोडलेला, वाकडाच जुळलेला.

"हे दोन्ही एकाच कुत्र्याचं कशावरून?"

"चांगला प्रश्न," त्या म्हणाल्या आणि खोदतानाचा फोटो माझ्यापुढे धरला. मातीत एका कुशीवर, पाय पोटाशी घेऊन झोपवलेलं. टाकून दिलेलं कुत्रं असं पडत नाही, एवढं मलाही कळलं.

शिकार करू शकत नाही, राखण करू शकत नाही, चावताही येत नाही. "मग ते जगलं कसं?" मी विचारलं. उत्तर मला ठाऊक होतं. कुणीतरी रोज मऊ करून भरवत होतं. मी नवऱ्याच्या हातातून ब्रश घेतला आणि त्या पायाच्या हाडावरची माती काढू लागले. त्याने टब माझ्याकडे सरकवला. शहाणा आहे.

घरी आल्यावर आईंना दोघांनी मिळून सांगितलं. त्या सोफ्यावर मटार सोलत होत्या.

"अगंबाई," त्या म्हणाल्या, "मला वाटलं याची नोकरीच गेली! नखं बघितली मी. कुठंतरी मातीकामाला जातो आणि आपल्याला सांगत नाही, असं धरून बसले होते." मग मटार बाजूला ठेवून मुलाला विचारलं, "हाडं माणसाची?"

"नाही आई, कुत्र्याची. छोटं होतं. म्हातारं."

त्यांनी परत त्याच्या नखांकडे बघितलं. मला वाटलं, आता बादली आणि गरम पाणी. पण त्या म्हणाल्या, "मला दाखव."

पुढच्या शनिवारी आम्ही तिघं गेलो. आई हात मागे बांधून टेबलाशी उभ्या राहिल्या, कशालाही शिवल्या नाहीत. जबड्याकडे मात्र खूप वेळ बघत होत्या. "यांना विचार गं," त्या मला म्हणाल्या, "याचं नाव काय होतं?"

मी विचारलं. बाई म्हणाल्या, त्या काळी काही लोक कुत्र्याच्या थडग्यावर त्याचं नाव कोरून ठेवत. याच्याजवळ मात्र तसं काही सापडलं नाही. नाव होतं की नाही, कोण सांगणार?

"असणारच," आई म्हणाल्या. "दात पडेपर्यंत सांभाळलं, ते काय हाक न मारता?"

मी ते इंग्रजीत सांगितलं. मशीन लावलेला कान माझ्याकडे करून बाईंनी नीट ऐकलं, मान हलवली आणि चहाची केटल लावायला उठल्या.

"शुगर नो!" आईंनी त्यांना मागून ओरडून सांगितलं.