हत्तींना लाल रंग कोणी दिला

देवळाच्या भिंतीवरची एखादी मूर्ती समजली नाही, तर "मला ठाऊक नाही" असे तुम्ही शेवटचे कधी म्हणालात? मी एकदाच म्हणालो, तेही नाइलाजाने.

आणीबाणी उठून वर्ष झाले होते. मी विशीत होतो आणि चळवळीच्या पत्रकांखेरीज फारसे काही वाचले नव्हते. पत्रकात प्रत्येक गोष्टीला अर्थ असतो, आणि तो जाड टाइपात असतो. मोहाडीकडच्या आमच्या गावात तलावाच्या पाळीवर महादेवाचे हेमाडपंती देऊळ आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेआधी ते ऑइलपेंटने रंगवायचे, असे देवस्थानाच्या पंचांनी ठरवले. कोरीव काम बुजणार म्हणून मी पेटलो. खरे तर लहानपणी जोत्यावरच्या हत्तींच्या सोंडांवरून बोट फिरवत मी प्रदक्षिणा घालायचो, आणि तो गार, खरखरीत दगड मला हवा होता. पण हे कारण मला फारच खासगी, जवळजवळ बुर्झ्वा वाटले. म्हणून मी सिद्धांत मांडायला उभा राहिलो.

सभा देवळापुढेच होती. अध्यक्ष गावचे जुने मालगुजार, म्हणजे एकेकाळचे जमीनदार. रंगाचे डबे त्यांचेच. शेजारी पेंटर. तो नाटकांचे पडदे रंगवायचा, आणि त्याच्या पडद्यावरचा राजवाडा पाहायला लोक दोन कोस चालत येत.

"रंगवू नका" एवढे सुरुवातीला म्हणून मी अर्थाकडे वळलो. जोत्यावरचे हत्ती म्हणजे अख्ख्या देवळाचा भार पाठीवर घेतलेले कष्टकरी. उंबरठ्यावरचे कीर्तिमुख, वटारलेले डोळे आणि नुसता जबडा, म्हणजे सगळे गिळून बसलेली मालगुजारी. (इथे बोट दाखवायचा धीर झाला नाही, हनुवटी जराशी वळवली.) दाराशी मगरीवर गंगा आणि कासवावर यमुना, म्हणजे चिखलात धान रोवणाऱ्या आपल्या बाया. टाळ्या पडल्या. पेंटर तर उठूनच उभा राहिला.

"आन् भाऊ, थे मांगच्या भितीवरची बाई? मान वळवून उभी हाये थे. हातात का हाये तिच्या?"

तिचा हात झिजलेला आहे. आरसा असेल, भाकर असेल. विळा म्हणायचा मोह अनावर झाला होता, पण मालगुजार माझ्याकडेच पाहत होते.

"ते मला ठाऊक नाही," मी म्हणालो.

लढा जिंकला अशा समजुतीने मी नागपूरला गेलो आणि यात्रेच्या सकाळी परतलो. हत्ती लालभडक झाले होते. गंगा-यमुनेने हिरवी लुगडी नेसून गुडघ्यापर्यंत खोचली होती. कीर्तिमुख काळे, आणि त्याला पीळदार मिशा. पेंटर धावत आला.

"बरं झालं भाऊ, तुमी सांगतलं! म्या त साऱ्यायले पिवळाच मारनार होतो. कोनाले कोनता रंग द्याचा, काही समजूनच नोतं राहिलं."

"अरे, रंगवूच नका म्हणालो होतो मी!"

"थे त सुरवातीले म्हनलं तुमी. मंग इतकं मस्त समजावलं का हात शिवशिवाले लागले."

मालगुजार उंबरठ्याशी वाकून मिशा न्याहाळत होते. आता वादळ उठणार म्हणून मी छाती पुढे काढली.

"बराबर जमल्या गा," ते खुशीत म्हणाले. स्वतःच्या मिशीवरून हात फिरवत माझ्याकडे वळले. "बाबू, रंग उडाला का पुन्हा तुमचंच भाषन ठेवू."

मी तोंड लपवायला देवळामागे गेलो. तिथे ती बाई जशीच्या तशी होती, उघड्या दगडाची. पेंटर मागोमाग आला.

"तिचा अर्थ तुमालेच ठाऊक नाही," तो ओशाळून म्हणाला. "मंग रंग कोनता देऊ?"

तो गेल्यावर मी तिच्या झिजलेल्या हातावर बोट ठेवले. गार होता, खरखरीत होता.

तेव्हापासून रंग उडाला की हत्तींवर लाल हात फिरतो. हत्ती पहिल्यापासून लालच होते, असे आता पाहुण्यांना सांगतात. मी भाषणे कमी केली आहेत. मागणी मात्र आहे. आणि पेंटर भेटला की विचारतोच, "भाऊ, त्या बाईचं काही समजलं का जी?"

तुम्ही आमच्या तलावाकडे आलात, तर देवळामागे जाऊन तिला जरूर पाहा. तुम्ही शिकलेले आहात, तिच्या हातात काय आहे ते तुम्हाला कदाचित कळेलही. पेंटर तिथेच कुठेतरी असेल, तो विचारेल. त्याला कृपा करून सांगा, "ठाऊक नाही."