प्रभाताईंची तिसरी चाचणी

रत्नप्रभा कोयंडे यांनी सोळा वर्षांत टीबीची तीन औषधं जन्माला येताना पाहिली. पहिल्याने पेशंटची यकृतं बिघडायला लागली, म्हणून ते थांबलं. दुसरं चांगलं चाललं होतं, पण विकत घेणारं कोणी दिसेना, तेव्हा कंपनीने तेही गुंडाळलं. तिसऱ्याची चाचणी सध्या चालू होती, आणि प्रभाताई आता फारशी आशा धरण्याच्या भानगडीत पडत नसत.

त्यांचं काम सांगायला सोपं. औषध बाजारात येण्याआधी ज्या पेशंटवर ते तपासतात, त्यांच्या घरी जायचं. गोळी समोर गिळायला लावायची, उलटी झाली का, चक्कर आली का ते विचारायचं आणि फॉर्म भरायचा. मरोळच्या ऑफिसात एसीत बसणारे याला ‘फील्ड’ म्हणतात. फील्ड म्हणजे मानखुर्दच्या इमारतींचे सात-सात मजले, बंद पडलेल्या लिफ्ट आणि प्रभाताईंचे गुडघे. या कामात कशा आलात असं कोणी विचारलं, तर गिरणीत राबलेले वडील खोकून खोकून गेले, म्हणून आले, असं त्या सांगत. तेही खोटं नव्हतं. पण खरं कारण असं, की नर्सिंगचा कोर्स अर्धवट सुटला होता आणि हीच नोकरी मिळाली.

माहुलचा धर्मा कोळी हा त्यांचा आवडता पेशंट. नेहमीच्या औषधांना दाद न देणारा टीबी, आणि आधीचा एक लांबलचक कोर्स वाया गेलेला. नव्या औषधावर त्याचा फार भरवसा होता. चार महिन्यांत बरा होऊन पूर्वीसारखी जाळी ओढीन, असं तो सगळ्यांना सांगे. अडचण एकच होती. खाडीत होडी भरती-ओहोटी बघून सुटते आणि ती वेळ रोज बदलते. प्रभाताईंना कधी पहाटे जावं लागे, कधी भर दुपारी. शेवटी चाचणीच्या प्रमुख डॉक्टर गार्गींनी परवानगी दिली आणि धर्माला आठवड्याच्या गोळ्या एकदम मिळू लागल्या. रिकाम्या स्ट्रिपा तो पिशवीत घालून परत करायचा. एकही गोळी कधी चुकली नाही. धर्मासारखे दहा मिळाले तर मी देवाला काही मागणार नाही, असं प्रभाताई ऑफिसात म्हणाल्यासुद्धा.

दोन महिन्यांनी रक्ताचा रिपोर्ट आला. धर्माच्या रक्तात औषध हवं त्याच्या निम्मंच होतं आणि थुंकीत जंतू तसेच होते. ऑफिसातला सिद्धेश म्हणाला, औषधच अंगी लागत नसेल, असे आणखी दोन-तीन निघाले तर वरचे लोक दुकान बंद करतील. प्रभाताई पिशवी उचलून माहुलला गेल्या.

धर्मा धक्क्यावर जाळं विणत बसला होता. गोळ्या रोज घेतोस ना, असं त्यांनी विचारलं. त्याने काही लपवलं नाही. लपवण्यासारखं आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं.

“होरीवर आमी दोघां,” तो म्हणाला. “घावलं त्याचा अर्दा माजा, अर्दा काशीरामचा. मंग गोलीच तेवरी येगली कशी ठेवाची?”

काशीराम त्याचा होडीवरचा भागीदार. त्यालाही हाच टीबी होता. चाचणीसाठी तोही आला होता, पण हृदयाच्या तपासणीत दोष निघाला म्हणून त्याला घेतलं नव्हतं. तो जुन्याच लांबलचक कोर्सच्या गोळ्या खात होता आणि वर धर्माच्या गोळीचा अर्धा तुकडा.

प्रभाताई त्याच्याशेजारी धक्क्यावर बसल्या. त्यांना राग आला, धर्माचा आला, भरती-ओहोटीचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला, कारण काशीरामला परत पाठवताना त्यांनी त्याला नीट काही समजावलंच नव्हतं. मग त्यांनी धर्माला सावकाश सांगितलं. अर्ध्या गोळीने जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. आणि काशीरामच्या हृदयाला ही गोळी झेपली नसती तर तो होडीतच गेला असता. धर्माच्या हातातलं जाळं तसंच राहिलं.

फॉर्म मांडीवर होता. ‘औषध नीट शोषलं जात नाही’ एवढं लिहिलं असतं तर धर्मा चाचणीत राहिला असता. पण मग दोष औषधावर गेला असता. धड असलेलं औषध मरताना प्रभाताईंनी एकदा पाहिलं होतं. त्यांनी खरं ते लिहिलं, आणि लिहिताना त्यांना अजिबात बरं वाटलं नाही.

चार दिवसांनी निर्णय झाला. काशीरामची तपासणी झाली, सुदैवाने त्याला काही झालं नव्हतं. धर्माला चाचणीतून काढलं. फोनवर सांगता आलं असतं, पण प्रभाताई स्वतः गेल्या. त्याची बायको शेवंती दारात उभी राहून ऐकत होती.

धर्मा म्हणाला, “माजी जागा खाली झाली ना, ताई? तिथं काशीरामला घे.”

चाचणीत असं होत नाही, रिकामी जागा रिकामीच राहते, आणि काशीरामचं हृदय ही गोळी सोसणार नाही, हे त्यांनी त्याला सांगितलं. त्यावर त्याने विचारलं, औषध दुकानात कधी मिळेल? हा प्रश्न सोळा वर्षं सगळेच विचारत आले होते आणि प्रभाताई सगळ्यांना ‘लवकरच’ म्हणत आल्या होत्या.

“ठाऊक नाही रे,” त्या म्हणाल्या. “चार-पाच वर्षं तरी. कदाचित येणारही नाही.”

“चार वरसां आमी दोघां कुठशी काढनार,” धर्मा म्हणाला. त्यात तक्रार नव्हती.

शिल्लक गोळ्या नियमाप्रमाणे परत घ्याव्या लागतात. प्रभाताईंना त्या तोंडाने मागवेनात, पण शेवंतीने आपणहून फडताळातून पाकीट आणून दिलं. आत सहा गोळ्या होत्या. प्रभाताईंनी त्या मोजल्या, पिशवीत घातल्या आणि धर्माची सही घेतली.