लेले काकांच्या घराची घरपट्टी

कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, पत्र एकदा कुणाला वाचून दिलं की मग आपली सुटका नाही. इंग्लंडात ब्रिस्टलला आल्यावर मी महाराष्ट्र मंडळातल्या एका जोडप्याला चार ओळींचा ईमेल लिहून दिला आणि त्यांचा कौन्सिल टॅक्स कमी झाला. तेव्हापासून गणपती असो की हळदीकुंकू, प्रसाद हातावर पडला की कुणीतरी खिशातून तपकिरी सरकारी पाकीट काढतंच. नवरा म्हणतो, चिटणीस म्हणून निवडून आलीस आणि फुकटची वकील होऊन बसलीस. किस्से पोत्याने साठलेत, पण आज फक्त लेले काकांच्या घराचे सांगते.

लेले काका म्हणजे विमानाच्या कारखान्यातून रिटायर झालेले इंजिनियर. ते आणि काकू एका घरात राहतात. दुसरं चार खोल्यांचं घर त्यांनी आपल्या मराठी मुलांना भाड्याने दिलंय. करारनामा वगैरे काही नाही. "आपल्या माणसांत कसला कागद?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पुढचा सगळा गोंधळ या वाक्यातून निघाला.

*

त्या घरात सगळ्यात आधी राहायला आली मृण्मयी. नागपूरची, हॉस्पिटलात नर्स. ती पहिली आली म्हणून कौन्सिल टॅक्सचं बिल तिच्या नावावर आलं. तिने ते वाचलं आणि तिला वाटलं, ही तर घरपट्टी! घरपट्टी मालक भरतो, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. तिने पत्र नव्या पाकिटात घातलं, वर चिठ्ठी लिहिली, "काका, तुमची घरपट्टी चुकून माझ्या नावावर आली आहे, नाव बदलून घ्यावे," आणि पोस्टात टाकलं.

काकांनी ते परत पाठवलं. मृण्मयीने पुन्हा पाठवलं. काकांनी पुन्हा. दोन्ही घरांत वीस मिनिटांचं अंतर, पण समोरासमोर कोण बोलणार? चौथ्या खेपेला पोस्टवाल्या बाईंनी मृण्मयीला हळूच विचारलं, "तुमचं ब्रेकअप झालंय का?"

*

मग पाकीट माझ्याकडे आलं. इथला नियम मी तिला समजावला. सगळ्यांनी मिळून अख्खं घर भाड्याने घेतलं असेल तर कर राहणाऱ्यांनी भरायचा. मालकाने एकेक खोली वेगवेगळी दिली असेल तर मालकाने. काकांनी चौघांना चार वेगवेगळ्या महिन्यांत चार खोल्या दिल्या होत्या, म्हणजे कर काकांचा. मी फोन करून काकांना तसं सांगितलं.

काका भडकलेच. "खोल्या दिल्या म्हणजे? मी काय लॉज चालवतो? ती चौघं म्हणजे एक कुटुंब आहे, वृंदा. माझी मुलं आहेत ती."

पैशापेक्षा त्यांना हा 'खोल्या' शब्द झोंबला होता, हे मला त्या दिवशीच कळायला हवं होतं.

*

दोन दिवसांनी काकांना कुठूनतरी समजलं की घरात सगळे विद्यार्थी असले तर टॅक्सच माफ होतो. त्यांनी लगेच कौन्सिलला पत्र धाडलं की आमचं घर विद्यार्थ्यांचं आहे. मृण्मयी ऑनलाइन जर्मन शिकते. वरच्या मजल्यावरचा अनिकेत, जो बँकेत सॉफ्टवेअर लिहितो, तो दर रविवारी तबला शिकतो. पुरावा म्हणून तबल्याच्या क्लासचं सर्टिफिकेट जोडलं होतं, आणि ते दिलं होतं तो क्लास घेणाऱ्या माझ्याच नवऱ्याने! वर शेरा मारला होता, 'प्रगती समाधानकारक, तीनतालात घाई करतो.'

कौन्सिलचं उत्तर फार सभ्य होतं. कर माफ केला नव्हता, पण अनिकेतला त्यांनी शुभेच्छा दिल्या होत्या.

*

यानंतर कौन्सिलने ठरवलं की माणूस पाठवून बघावं, घरात नक्की राहतं कोण. तो आला तेव्हा घरी होत्या मृण्मयीच्या आई, नागपूरहून दोन महिन्यांसाठी आलेल्या. दारात गोरा माणूस, हातात कागद, आणि पहिलाच प्रश्न, "इथे कोण कोण राहतं? एकमेकांचे कोण लागतात?"

लग्नाची पोरगी तीन परक्या मुलांबरोबर राहते, हे कोणती आई अनोळखी माणसाला सांगेल? आईंनी ताठ मानेने सांगितलं, "ऑल फॅमिली. दिस माय डॉटर, दॅट थ्री माय सन्स." वर त्याला चहा पाजला, चिवडा दिला.

त्याने लिहून नेलं की चौघं एकाच कुटुंबातली. कर मृण्मयीवर पक्का झाला आणि तिला कोर्टात खेचण्याची ताकीद आली.

मृण्मयी माझ्या स्वयंपाकघरात बसून रडली. तीन महिन्यांनी तिला इथे कायम राहण्याचा अर्ज करायचा होता, आणि कोर्टाचा एक कागद नावावर लागला तर इथली पाच वर्षं पाण्यात, अशी तिची भीती. "आईला काय बोलू, ताई? तिनं तर माझी इज्जतच वाचवली नं."

मला हसू येत होतं आणि काकांचा संतापही. त्याच रात्री आम्ही ट्रिब्युनलकडे, म्हणजे करांची भांडणं सोडवणाऱ्या लवादाकडे, अपील लिहिलं.

*

अपील गेल्यावर काकांनी मृण्मयीला पत्र लिहिलं, जुन्या वळणाचं. "चि. मृण्मयी हिस लेले काकांचे अनेक आशीर्वाद. वि. वि., येथील सर्व क्षेम. चौदा दिवसांत कर न भरल्यास पुढील कारवाईस तू सर्वस्वी जबाबदार राहशील. थंडी फार आहे, कानाला बांधत जा." सोबत काकूंनी बेसनाच्या लाडवांचा डबा पाठवला होता. मृण्मयीने विचारलं, हे पुराव्यात जोडायचं का? मी म्हटलं, पत्र जोड, लाडू इकडे दे.

*

ट्रिब्युनलची सुनावणी व्हिडिओवर झाली. पलीकडे तीन जण, अध्यक्षस्थानी एक शांत बाई. एका चौकोनात मी आणि मृण्मयी. दुसऱ्यात काका, कोट घालून, मागे त्यांच्या स्वयंपाकघराचं दार उघडं.

बाईंनी काकांना विचारलं, ही चौघं खरोखर एका कुटुंबासारखी राहतात का?

काका म्हणाले, हो, अगदी एका कुटुंबासारखी.

तेवढ्यात मागून काकूंचा आवाज आला, खणखणीत मराठीत. "कसलं कुटुंब, अहो? चार माणसं, चार कुकर. एकाचं मीठ दुसरा घेत नाही, डब्यांवर नावं आहेत."

बाईंनी नम्रपणे विचारलं, "मिस्टर लेले, त्या काय म्हणाल्या, सांगाल का?"

त्या तिघांत कुणालाही मराठीचं अक्षर येत नव्हतं. काका काहीही सांगू शकले असते आणि कर मृण्मयीवरच राहिला असता. मृण्मयीने माझा हात घट्ट धरला. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"शी सेज, फोर पीपल, फोर कुकर्स. अँड नेम्स ऑन द सॉल्ट." मग थोडं थांबून, "शी इज करेक्ट, मॅडम."

बाई लिहून घेत होत्या. मागून काकू पुन्हा बोलल्या. "आणि त्या पोरीला सांगा, रविवारी जेवायला ये म्हणावं, बारीक झालीय."

बाईंनी मान वर केली. "आणि आता?"

काकांनी तेही भाषांतर करून सांगितलं.